ओडेसा, लंडन, न्यूयॉर्कमार्गे नेपल्स

नेपल्सच्या गाण्यांची वाट एका बाजारपेठेतून सुरू होते. गॅलेरिया उम्बेर्तो ही लोखंड आणि काचेच्या घुमटाखालची इमारत 1887 ते 1890 या काळात उभी राहिली. समोर 1737 सालचं सान कार्लो हे ऑपेराचं नाट्यगृह आहे. तिथे राजे-रजवाडे जात. गॅलेरियाच्या तळघरात मात्र 1890 मध्ये ‘सालोने मार्गेरिता’ सुरू झालं. पॅरिसच्या धर्तीवरचा हा गाण्या-नाचण्याचा कॅफे होता. वर घुमटाखाली कवी, वाजवणारे, कार्यक्रम ठरवणारे मध्यस्थ आणि काम शोधणारे गायक दिवसभर घुटमळत असत. आज तिथे कपड्यांची दुकानं आहेत आणि फरशीवरच्या राशिचक्रावर उभं राहून पर्यटक फोटो काढतात. संगमरवराकडे बघत मी तिथे बराच वेळ थांबलो, कारण ज्या गाण्यांना जग लोकगीतं समजतं, त्यांचा व्यवहार इथेच होत असे.

‘ओ सोले मिओ’चंच घ्या. कोळ्यांनी पिढ्यान् पिढ्या गायलेलं गाणं वाटावं अशी त्याची चाल. प्रत्यक्षात ते 1898 सालचं आहे. शब्द जोव्हान्नी कापुर्रो या वर्तमानपत्रातल्या माणसाचे आणि चाल एदुआर्दो दि कापुआ या संगीतकाराची. दि कापुआ तेव्हा व्हायोलिनवादक वडिलांबरोबर दौऱ्यावर होता आणि ही चाल त्याला सुचली ती काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरात. नेपल्सच्या उन्हाचं जगातलं सर्वात प्रसिद्ध गाणं नेपल्सपासून हजारभर मैलांवर जन्मलं. बिदेरी या प्रकाशकाने ते किरकोळ रकमेला विकत घेतलं. दि कापुआ 1917 मध्ये आणि कापुर्रो 1920 मध्ये वारला. गाण्याने कमावलेल्या पैशाचा त्या दोघांना फारसा उपयोग झाला नाही. पुढे 2002 मध्ये तोरीनोच्या न्यायालयाने आल्फ्रेदो माझ्झुक्की या तिसऱ्या संगीतकारालाही सहनिर्माता मानलं. माझ्झुक्की 1972 पर्यंत जगला, त्यामुळे या गाण्याचे हक्क 2042 पर्यंत जिवंत राहतात. लोकगीताला मालक नसतो. याला तीन आहेत.

या धंद्याचा हंगामही ठरलेला होता. दर सप्टेंबरच्या 7 आणि 8 तारखेला पिएदिग्रोत्ताच्या मेरीमातेचा उत्सव भरे. त्यात नव्या गाण्यांच्या स्पर्धा होत. गाण्याचे शब्द आणि चाल एकेका पानावर छापून रस्त्यात विकली जात. त्या पानांना ‘कोपिएल्ला’ म्हणत. एका हंगामात शेकडो गाणी बाजारात येत, बहुतेक दिवाळीच्या फटाक्यांसारखी विझून जात, दोन-चार शहरभर शिट्टीवर वाजत राहत. ‘ओ सोले मिओ’लाही पहिलं बक्षीस मिळालं नव्हतं. ‘शास्त्रीय नापोलीतान (म्हणजे नेपल्सचं) गाणं’ हा शब्दप्रयोग मग जरा जपूनच वापरावा लागतो. हे त्या काळातलं पॉप होतं आणि चांगले कवी ते मनापासून लिहीत होते. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 मध्ये रंगमंचावर आलं, त्याच वर्षी नेपल्सच्या उपसागरावर ‘फुनिकुली फुनिकुला’ गाजत होतं. नाट्यपदं आज बैठकीत मान खाली घालून ऐकली जातात. त्या काळी प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडत असत.

गॅलेरियातून बाहेर पडलं की तोलेदो रस्ता लागतो. तो ओलांडला की डोंगराच्या अंगावर चढत जाणाऱ्या ‘क्वार्तिएरी स्पान्योली’च्या गल्ल्या. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांच्या मुक्कामासाठी ही वस्ती वसली. दोन बाजूंच्या बाल्कन्यांमध्ये दोऱ्या आहेत, दोऱ्यांवर कपडे आहेत, खाली स्कूटर आहेत आणि प्रत्येक मजल्यावरून वेगळं गाणं येतं. इथे जास्त करून कानावर पडतात ते ‘नेओमेलोदिची’. नापोलीतान बोलीत, सिंथेसायझरच्या साथीने, प्रेमभंगाची आणि लग्नाची गाणी गाणारी ही गायकमंडळी लग्न-बारशांना गाऊनच मोठी झाली. सुशिक्षित नेपल्सने त्यांना अनेक वर्षं नाकं मुरडली. नीनो दान्जेलो 1980च्या दशकात याच प्रकारातून वर आला, सोनेरी केसांचा झुपका मिरवत सिनेमे करत राहिला आणि नंतर जागतिक संगीताच्या वाटेने गेला, तेव्हा कुठे टीकाकारांनी त्याचं ऐकून घेतलं. गरिबांना गाणं आवडलं की ते सवंग आणि तेच पन्नास वर्षांनी वारसा, हा हिशेब मला कधी पटला नाही. या गल्ल्यांत उभं राहिल्यावर तर मुळीच पटत नाही.

या गल्ल्यांतल्या गाण्यांत युद्धानेही भर घातली. मित्रराष्ट्रांच्या फौजा 1 ऑक्टोबर 1943 रोजी नेपल्समध्ये शिरल्या. बॉम्बहल्ल्यांनी मोडलेलं, उपाशी शहर. सैनिकांबरोबर सिगारेटी आल्या, डबाबंद मांस आलं आणि जॅझच्या तबकड्या आल्या. इस्पितळाच्या कारभारात नोकरी करणारा एदोआर्दो निकोलार्दी आणि पोस्टात कारकुनी केलेला, ई. ए. मारिओ या नावाने लिहिणारा जोव्हान्नी गाएता, या दोघांनी 1944 मध्ये ‘ताम्मुर्रियाता नेरा’ रचलं. स्थानिक आईच्या पोटी काळ्या वर्णाचं बाळ जन्माला येतं आणि अख्ख्या वस्तीत चर्चा होते, एवढाच विषय. गाण्यातलं हसू चटका लावणारं आहे. 1970च्या दशकात ‘नुओव्हा कोम्पान्यिया दि कान्तो पोपोलारे’ या समूहाने ते खंजिरीच्या मोठ्या बहिणीवर, म्हणजे ताम्मोर्रावर, इतक्या जोशात गायलं की ते पुन्हा देशभर गाजलं. त्याच काळात जेम्स सेनेसे नावाचा सॅक्सोफोनवादक ‘नापोली चेन्त्राले’ या बँडमधून पुढे आला. त्याचे वडील अमेरिकी कृष्णवर्णीय सैनिक, आई नेपल्सची. गाण्यातलं बाळ मोठं होऊन वाद्य हातात घेऊन उभं राहावं, तसं हे घडलं.

रेनातो कारोसोनेची गोष्टही याच मोडतोडीतून निघते. युद्धाच्या आधी तो पियानो वाजवायला पूर्व आफ्रिकेत गेला, 1946 मध्ये परतला आणि आफ्रिकी ठेका, जॅझ आणि गल्लीतली थट्टा एकत्र कालवून मोकळा झाला. 1956 सालचं त्याचं ‘तू वुओ फा लामेरिकानो’ अमेरिकी ढंग मारणाऱ्या, पण सिगारेटचे पैसे आईच्या पर्समधून घेणाऱ्या पोराची टिंगल करतं. जुन्या कवितांनाही त्याने सोडलं नाही. कवी साल्व्हातोरे दि जाकोमोची एकोणिसाव्या शतकातली नाजूक गाणी त्याने नाचायला लावली. अभिजनांना धक्का बसला, लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही वाजवून आला. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘योलांडा बी कूल’ आणि ‘डीकप’ यांनी ‘तू वुओ फा लामेरिकानो’चे तुकडे उचलून ‘वी नो स्पीक अमेरिकानो’ बनवलं. ते ब्रिटनसह अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. क्लबांत नाचणाऱ्या बहुतेकांना शब्द कळत नव्हते आणि अमेरिकेची नक्कल करणाऱ्या पोराची थट्टा अशी इंग्रजी नाव घेऊन जगभर फिरून आली. मला हे रिमिक्स संगीत म्हणून फार मोठं वाटत नाही. एक ठेका घेऊन तो घासत राहायचा, एवढंच त्यात आहे. पण त्याने कारोसोनेला जिवंत केलं, हे नाकारता येत नाही. क्वार्तिएरीच्या गल्लीतल्या एका कॅफेत ते लागलं तेव्हा साठीचे आणि विशीचे दोघेही गात होते, पहिले मूळ चालीत आणि दुसरे ठेक्यावर.

तिथून खाली उतरून शहराला मधोमध चिरणाऱ्या स्पाक्कानापोलीवर आलो. याच परिसरात सान पिएत्रो आ माएल्ला हे संगीत विद्यालय आहे, जवळच सान सेबास्तियानो ही वाद्यांच्या दुकानांची गल्ली. सान्ता कियारा मठाच्या आसपास पिनो दानिएलेचं बालपण गेलं. 1977 मध्ये ‘तेर्रा मिया’ हा त्याचा पहिला अल्बम आला आणि नापोलीतान गाण्यात ब्ल्यूज शिरले. अमेरिकी नौदलाच्या तळामुळे शहरात तबकड्या आणि क्लब होते, त्यावर ही पिढी पोसली होती. तारान्तेल्ला हे लोकनृत्य आणि ब्ल्यूज यांच्या मिश्रणाला त्याने ‘तारुम्बो’ असं नाव दिलं. 19 सप्टेंबर 1981 रोजी त्याने प्लेबिशितो चौकात गायलं. सुमारे दोन लाख लोक आले होते असं सांगतात. तो चौक तेव्हा गाड्या लावायचं मैदान होता, 1994 मध्ये तो मोकळा झाला. जानेवारी 2015 मध्ये दानिएले गेला, तेव्हा शहर पुन्हा त्याच चौकात जमलं.

या भागात फिरताना एक गोष्ट लक्षात येत गेली आणि नंतर प्रवासभर डोक्यातून गेली नाही. जुन्या गाण्यांचं ‘अस्सल’ रूप म्हणून इथले लोक ज्याचं नाव घेतात तो रोबेर्तो मुरोलो. एक गिटार, कानाशी बोलल्यासारखा आवाज. 1963 पासून त्याने 12 तबकड्यांची मालिका काढून शतकानुशतकांची नापोलीतान गाणी क्रमवार गायली. पण त्याच्या आधी ही गाणी अशी गायली जात नव्हती. ऑपेरा गायक कारुसोने 1916 मध्ये ‘ओ सोले मिओ’ ध्वनिमुद्रित केलं ते वाद्यवृंदासह, छाती भरून. मुरोलोने आवाज खाली आणला, दागिने काढले, मायक्रोफोनचा उपयोग करून घेतला. म्हणजे आजचं ‘मूळ’ हे 1960च्या दशकातलं नवं रूप होतं. 2015 मध्ये मास्सिमो रानिएरीने ‘मालिया’ हा अल्बम केला. साथीला एन्रिको राव्हाचा ट्रम्पेट, स्तेफानो दि बात्तिस्ताचा सॅक्सोफोन आणि रीता मार्कोतुल्लीचा पियानो, जुनी गाणी जॅझच्या अंगाने. ते ऐकून जुनं बिघडवलं म्हणणाऱ्यांनी मुरोलोबद्दलही तेच म्हणायला हवं.

बंदराच्या बाजूने गेलं की आणखी एक प्रकरण उघडतं. एकोणिसावं शतक संपताना आणि विसावं सुरू होताना लाखो माणसं याच धक्क्यांवरून अमेरिकेला गेली. ई. ए. मारिओचं 1919 सालचं ‘सान्ता लुचिया लुन्ताना’ त्यांच्यासाठीच आहे. गाणीही जहाजातून गेली. ‘कोरे न्ग्रातो’ हे पक्कं नापोलीतान वाटणारं विरहगीत 1911 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रचलं गेलं. इकडे नेपल्समध्ये 1901 मध्ये सुरू झालेली ‘फोनोतिपे’ ही ध्वनिमुद्रण कंपनी परदेशी गेलेल्यांसाठी तबकड्या पाठवत असे. घराची आठवण हा निर्यातीचा माल होता आणि त्या मालाला गिऱ्हाईक खूप होतं. कारुसोचं संग्रहालय 2023 पासून प्लेबिशितोवरच्या राजवाड्यात आहे. ते बघताना वाटलं, या माणसाच्या तबकड्या अमेरिकेत खपल्या म्हणून ही गाणी जगाची झाली.

मेर्जेल्लिनाला पिएदिग्रोत्ताचं चर्च आहे. गर्दीच्या स्टेशनाशेजारी, वाहनांच्या आवाजात. मागच्या डोंगरात रोमन काळचा बोगदा आहे आणि व्हर्जिल कवीची समाधी म्हणून दाखवली जाणारी जागाही. ज्या उत्सवाने गाण्यांचा उद्योग उभा केला, त्याची आजची कळा मात्र उतरलेली आहे. पुढे पोसिल्लिपोच्या टेकडीवरून रस्ता मारेक्यारोला उतरतो. होड्या, चार खानावळी आणि एका भिंतीत ती प्रसिद्ध खिडकी. साल्व्हातोरे दि जाकोमोने 1880च्या दशकात ‘मारेक्यारे’ लिहिलं, फ्रान्चेस्को पाओलो तोस्तीने चाल दिली. तोस्ती तेव्हा लंडनमध्ये राहून इंग्लंडच्या राजघराण्याला गाणं शिकवत होता, आणि दि जाकोमोने लिहिताना हे गाव पाहिलेलंच नव्हतं असं सांगतात. गाणं गाजलं, लोक खिडकी शोधत येऊ लागले, मग खिडकीवर संगमरवरी पाटी बसली आणि गाण्यातलं फूलही खिडकीत आलं. कल्पनेने जागा घडवल्याचं इतकं रोखठोक उदाहरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

या गावाचं नाव घेऊन ‘नू जेनेआ’ या जोडीने ‘मारेक्या’ केलं, ते त्यांच्या 2022 सालच्या ‘बार मेदितेर्रानेओ’ अल्बममध्ये आहे. मास्सिमो दि लेना आणि लुचिओ आक्विलिना नेपल्सचे, पण हे संगीत त्यांनी केलं बर्लिनमध्ये राहून. 2018 सालच्या ‘नुओव्हा नापोली’मध्ये त्यांनी 1970-80च्या दशकातल्या विसरलेल्या नापोलीतान डिस्को आणि फंकच्या अंगाने नवी गाणी केली आणि नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पोच्या कवितेलाही ठेका दिला. ‘मारेक्या’त फ्रेंच आणि नापोलीतान शेजारी बसतात, बेसचा चेंडू उड्या मारत राहतो. तोस्तीची चाल त्यात नाही, गावाची हवा मात्र आहे. जुन्या गाण्याची चाल उचलण्यापेक्षा त्याच्या जागेत राहायला जाण्याची ही रीत मला जास्त मोलाची वाटते.

फुओरिग्रोत्तामधलं मारादोना स्टेडियम टेकडीच्या पलीकडे आहे. तिथे सामना जिंकल्यावर चाळीस-पन्नास हजार माणसं जे गाणं गातात ते 1915 सालचं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाने दूरच्या प्रेयसीला म्हटलेलं ‘ओ सुर्दातो न्नाम्मुरातो’. 1971 मध्ये अभिनेत्री आन्ना मान्यानीने ‘ला शान्तोसा’ या चित्रपटात खंदकातल्या जखमी पोरांसमोर ते गायलं. नंतर ते फुटबॉलने घेतलं. कुठलाही निर्माता, कुठलंही यंत्र मध्ये न येता झालेलं हे रूपांतर. खंदकातला विरह विजयाच्या आरोळीत बसला आणि शब्द एकही बदलला नाही.

शेवटचा टप्पा उपसागराच्या दक्षिण काठाने, चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडीने. डावीकडे व्हेसुव्हिअस, मग पोम्पेई, मग कास्तेल्लाम्मारे. लुइजी देन्झा इथलाच. व्हेसुव्हिअसवर चढणारी दोरीची रेल्वे 1880 मध्ये सुरू झाली, तेव्हा पत्रकार पेप्पीनो तुर्को आणि देन्झा यांनी इथेच बसून ‘फुनिकुली फुनिकुला’ रचलं. आज आपण त्याला जाहिरातगीत म्हणू. रेल्वे 1944च्या उद्रेकात नष्ट झाली, गाणं राहिलं. जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउसने इटली फिरून 1886 मध्ये ‘आउस इतालिएन’ ही रचना केली, तेव्हा हे लोकगीत समजून त्याने ते त्यात घातलं. देन्झाने दावा लावला आणि जिंकला. जुन्या सुरांना नव्या अंगाने वाजवण्यावरून न्यायालयात जाण्याची परंपरा सँपलिंगच्या कितीतरी आधीची आहे.

सोरेंतोला उंच कड्यावर हॉटेलं आहेत आणि खाली खोल निळं पाणी. ‘तोर्ना आ सुर्रिएन्तो’ 1902 मध्ये पंतप्रधान झानार्देल्लींच्या भेटीसाठी दे कुर्तिस बंधूंनी केलं अशी कथा गावभर सांगितली जाते. चाल आधीचीच होती, प्रसंगापुरते शब्द बदलले, असंही मानलं जातं. 1961 मध्ये एल्विस प्रेस्लीने त्या चालीवर ‘सरेंडर’ गायलं. त्याआधी 1960 मध्ये ‘ओ सोले मिओ’च्या चालीवर ‘इट्स नाउ ऑर नेव्हर’. जर्मनीत सैनिकी सेवेत असताना ही चाल त्याच्या कानात बसली होती. ब्रिटनमध्ये हक्कांच्या गुंत्यामुळे ते उशिरा निघालं आणि निघताच आठ आठवडे पहिलं राहिलं. चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात असलेल्या किशोरवयीन बॅरी व्हाइटने ते ऐकलं आणि गायक व्हायचं ठरवलं, असं तो पुढे सांगत असे.

याच गावात लुचिओ दाल्ला 1986 मध्ये थांबला होता. तो बोलोन्याचा. होडी बिघडली म्हणून एक्सेल्सिओर व्हित्तोरिया हॉटेलात मुक्काम करावा लागला आणि 1921 मध्ये मृत्यूआधी आजारी कारुसो इथेच राहिला होता, हे त्याला कळलं. त्यातून ‘कारुसो’ हे गाणं झालं. त्याच्या ध्रुवपदाची नाळ 1830च्या दशकातल्या ‘ते व्होल्यो बेने अस्साये’शी आहे. शब्द राफाएले साक्को या चष्मेवाल्याचे मानले जातात, चाल दोनिझेत्तीची असल्याची दंतकथा आहे. दाल्लाचं गाणं पाव्हारोत्तीने गायलं, बोचेल्लीने गायलं आणि परदेशी श्रोते त्यालाच शंभर वर्षांपूर्वीचं समजू लागले. मग मे 2018 मध्ये चेहरा हुडीखाली झाकणाऱ्या ‘लिबेरातो’ने ‘ये ते व्होल्यो बेने अस्साये’ याच नावाचं इलेक्ट्रॉनिक गाणं काढलं आणि 9 मे रोजी नेपल्सच्या समुद्रकाठी फुकट कार्यक्रम केला. तो कोण आहे हे जाहीर झालेलं नाही. चष्मेवाला, बोलोन्याचा गायक, बिनचेहऱ्याचा मुलगा. तिघांनाही तेच तीन-चार शब्द पुरले.

परतीच्या गाडीत माझ्यासमोर बसलेली मुलं फोनवर जेओलिएर ऐकत होती. सेकोन्दिल्यानो या उत्तरेकडच्या बदनाम उपनगरातला हा रॅपर. फेब्रुवारी 2024 मध्ये सानरेमोच्या गाण्यांच्या स्पर्धेत त्याने पूर्ण नापोलीतान गाणं आणलं. इतरांच्या गाण्यांच्या रात्री तो जिंकला तेव्हा सभागृहातून हुर्यो झाली आणि शेवटी तो दुसरा आला. घरी नेपल्समध्ये वाद वेगळाच पेटला. गाण्याचे छापलेले शब्द स्वर गाळून, मोबाइलवर लिहितात तसे होते, आणि दि जाकोमोच्या शुद्धलेखनावर वाढलेल्या लेखकांना ते सहन होईना. त्यांची तळमळ मला समजते. ज्या बोलीला शाळेत जागा नाही, तिचं लेखन गाण्यांनीच सांभाळलेलं आहे. पण समोरची ती मुलं शब्द न चुकता, अर्धे स्वर गिळत, गाडीच्या खडखडाटाच्या वर म्हणत होती. त्या वर्षी जूनमध्ये जेओलिएर मारादोना स्टेडियममध्ये लागोपाठ तीन रात्री गायला आणि तिन्ही रात्री जागा उरली नव्हती.